डोंगरवाटा आणि कागदावरच्या रेघा

पुस्तकाचे दुसरे प्रकरण मी तीन वेळा वाचले. पहिल्यांदा गोष्ट म्हणून, दुसऱ्यांदा वकील म्हणून आणि तिसऱ्यांदा, आपले वाचण्यात काही चुकत तर नाही ना, हे पाहण्यासाठी. चुकत नव्हते. अल्बिना नावाच्या एका माणसाची जमीन सरकारी म्हणून जाहीर होते. तो हरकत घेतो. लष्कराने नेमलेल्या हरकत-समितीपुढे कागदपत्रे मांडतो. जमीन त्याचीच आहे हे समिती मान्य करते, आणि निकाल मात्र त्याच्या विरुद्ध देते. कारण काय, तर सरकारी मालमत्तेच्या रक्षकाने ती जमीन वसाहतीसाठी दुसऱ्याच्या हवाली केली तेव्हा ती सरकारीच आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. सद्भावनेने झालेला असा व्यवहार, पुढे मालकी दुसऱ्याची ठरली तरी, रद्द होत नाही, असे लष्करी हुकमातच लिहून ठेवलेले होते.

बेळगावच्या दिवाणी कोर्टात मी जवळजवळ चाळीस वर्षे जमिनीचेच दावे चालवले. सद्भावनेचा बचाव मला नवा नाही. आपल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ४१ व्या कलमात तो आहे. पण तेथे दोन कुलपे घातलेली आहेत. वरवरच्या मालकाला मालक म्हणून मिरवू देण्यास खऱ्या मालकाची उघड किंवा गर्भित संमती हवी, आणि घेणाऱ्याने पुरेशी चौकशी केलेली हवी. अल्बिनाच्या प्रकरणात ही दोन्ही कुलपे निघालेली आहेत. जमीन घेणारे सरकार, चुकणारे सरकार, आणि चूक प्रामाणिक होती असा दाखला देणारी समितीही त्याच सरकारची. हा खटला चालवणारा वकीलच पुस्तकाचा लेखक आहे. राजा शेहादे हे त्याचे नाव. पुण्याला शिकणाऱ्या माझ्या नातीने हे पुस्तक पाठवले, ते बहुधा त्यात कोर्ट आहे म्हणून. मी त्यात अडकून राहिलो तो मात्र त्यातल्या चालण्यामुळे.

‘पॅलेस्टिनिअन वॉक्स’ हे पुस्तक २००७ साली प्रसिद्ध झाले आणि २००८ साली त्याला ऑर्वेल पारितोषिक मिळाले. शेहादे यांचा जन्म १९५१ चा, रामल्लाचा. वडील अझीझ शेहादे हेही वकील. १९४८ साली जाफा सोडून रामल्लाला आलेले हे कुटुंब. १९८५ साली वडिलांचा खून झाला. मुलगा लंडनला कायदा शिकून परतला आणि १९७९ साली काही सहकाऱ्यांसह त्याने ‘अल-हक’ ही मानवी हक्कांचे काम करणारी संस्था काढली. लष्करी हुकूम गोळा करणे, ते वाचणे, त्यांचा अर्थ जगाला सांगणे, हे तिचे पहिले काम. दिवसा कोर्टकचेरी आणि सवड मिळाली की रामल्लाभोवतीच्या डोंगरांत पायी भटकंती, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. या भटकंतीतल्या निवडक वाटांची ही हकीकत आहे.

आपल्याकडे प्रवासवर्णन म्हणजे नवे पाहणे. येथे माणूस तेच डोंगर, तेच ओहोळ पुन्हा पुन्हा पाहतो आहे, आणि दर खेपेला त्यांतले काहीतरी नाहीसे झालेले आहे. अरबीत ‘सरहा’ असा एक शब्द आहे. सकाळी गुरे मोकळी सोडावीत, त्यांनी मनाला येईल तिकडे चरावे, यावरून तो आला. माणूस सरहाला निघतो तेव्हा त्याला कोठे पोहोचायचे नसते, परतायची घाई नसते. पुस्तकाचा सगळा विचार या एका शब्दावर उभा आहे. जेथे जाण्यासाठी परवाना लागतो तेथे सरहा होत नाही. शेहादे यांनी नेमके मोजले आहे ते हेच. किती एकर जमीन गेली याचे आकडे अहवालांत मिळतात. मोकळे हिंडण्याची एक रीत कशी गेली, हे या पुस्तकात मिळते.

पहिल्याच प्रकरणात त्यांना आजोबांच्या चुलतभावाने बांधलेली एक दगडी खोपी सापडते. हा अबू अमीन पाथरवट होता. लग्नानंतर बायकोच्या साथीने त्याने डोंगरउतारावर बांध घातले, खोपी रचली. अरबीत या खोपीला ‘कस्र’ म्हणतात, म्हणजे वाडाच. बसायला त्याने दगडाचे एक आसन कोरले होते. शेहादे त्यात बसून पाहतात. या ठिकाणी दुसरा कोणी लेखक हळवा झाला असता. हे वकील महाशय पुरावा नोंदवल्यासारखे लिहितात. बांध कसे घातले, पावसाचे पाणी कसे अडवले, झाडे कोणती. पुढे जेव्हा आपण वाचतो की डोंगरावरच्या न नांगरलेल्या जमिनी ‘सरकारी’ ठरवण्यात आल्या, तेव्हा अबू अमीनचे बांध डोळ्यांपुढे असतात. जमीन पडीक होती हे म्हणणे मग वाचकाच्या घशाखाली उतरत नाही. या मांडणीत लेखकाचे कसब आहे, आणि ते कोठेही मिरवलेले नाही.

येथे थोडा कायदा सांगणे भाग आहे, कारण तो माहीत नसेल तर या पुस्तकातली अर्धी वेदना निसटते. जून १९६७ च्या युद्धात इस्रायलने जॉर्डन नदीचा पश्चिम तीर, पूर्व जेरुसलेम आणि गाझा व्यापले. व्यापलेल्या प्रदेशात स्वतःचे नागरिक नेऊन बसवू नयेत असे १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे ४९ वे कलम सांगते. इस्रायली परराष्ट्र खात्याचे कायदेशीर सल्लागार थिओडोर मेरॉन यांनी सप्टेंबर १९६७ मध्येच, म्हणजे युद्धाला पुरते चार महिनेही झालेले नसताना, आपल्या सरकारला गुप्त सल्ला दिला होता की नागरी वसाहती या कराराच्या विरुद्ध जातील. सल्ला दप्तरात राहिला, वसाहती उठल्या. १९६८ च्या एका लष्करी हुकमाने जमिनींची मालकी-नोंदणी थांबवण्यात आली. तोवर सुमारे एक तृतीयांश जमिनीचीच नोंद पुरी झाली होती. १९७९ साली एलोन मोरे खटल्यात इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने खाजगी जमीन लष्करी गरजेच्या नावाखाली वसाहतीसाठी घेण्यास मनाई केली. तेव्हा दुसरी वाट काढली गेली. १८५८ चा उस्मानी जमीन कायदा धुंडाळून, सलग तीन वर्षे न कसलेली जमीन राज्याकडे येते या तत्त्वाचा आधार घेऊन, डोंगरच्या डोंगर सरकारी म्हणून जाहीर होऊ लागले. १९०७ च्या हेगच्या नियमांप्रमाणे व्यापणारे राज्य सरकारी जमिनीचे केवळ वहिवाटदार असते, मालक नव्हे. वहिवाटदाराने त्या जमिनीवर आपली गावे वसवली.

इस्रायल सरकारचे म्हणणे वेगळे आहे. हा प्रदेश आधी कोणत्याही मान्य सार्वभौम राज्याचा नव्हता, म्हणून जिनिव्हा करार तेथे तसा लागू होत नाही. ज्यूंचे या भूमीशी प्राचीन नाते आहे. आणि सुरक्षेचा प्रश्न आहे. या बाजूची नोंद करणे मला आवश्यक वाटते. नाते प्राचीन आहे यात वाद नाही. इस्रायली नागरिकांवर हल्ले झाले, माणसे मारली गेली, हेही खरे. परंतु सुरक्षा परिषदेने १९७९ चा ठराव ४४६ आणि २०१६ चा ठराव २३३४ यांत वसाहती बेकायदा ठरवल्या, आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ व २०२४ च्या आपल्या दोन्ही मतांत तेच सांगितले. निकाल एवढे स्पष्ट असूनही जमिनीवर काहीच का हलत नाही, हा शेहादे यांच्या पुस्तकाचा खरा विषय आहे.

आता शब्दाकडे वळतो. हा लेख लिहायला घेतला तेव्हा ‘वसाहत’ या शब्दाने मला अडवले. मराठीत तो फार गरीब शब्द आहे. शिक्षक वसाहत, रेल्वे वसाहत, औद्योगिक वसाहत. ऐकणाऱ्याच्या मनात नळाला लावलेली रांग आणि गणेशोत्सव येतो. इंग्रजी ‘सेटलमेंट’ शब्द आपण घेतला तर त्याचे दोन अर्थ आपल्या भागात आधीच रुजलेले आहेत. एक महसूल खात्याचा: जमीन मोजून कोणाचा हक्क काय आणि सारा किती हे कायम करणे. दुसरा अर्थ सोलापूरकरांना सांगावा लागणार नाही. इंग्रजांनी ज्या जमातींना गुन्हेगार ठरवले त्यांना तारेच्या कुंपणात कोंडले, त्या जागेलाही सेटलमेंटच म्हणत. पश्चिम तीरावर हे दोन्ही अर्थ उलटे होऊन भेटतात. जमिनीचे हक्क कायम करण्याचे काम थांबवले आणि त्याच जमिनीवर दुसऱ्या प्रकारची सेटलमेंट उभी केली. सोलापूरला कुंपणाच्या आत असलेला माणूस कोंडला जाई. तेथे कुंपण वसाहतीला आहे आणि कोंडला गेला आहे तो कुंपणाबाहेरचा. वसाहतीकडे जाणारा रस्ता त्याच्या शेतातून जातो पण त्याच्यासाठी नसतो. ऑलिव्ह वसाहतीजवळ असतील तर तोडणीला कोणत्या दिवशी जायचे हे लष्कर ठरवते. काही ठिकाणी झराही गेला. त्याच डोंगरावर शेजारी राहणाऱ्या वसाहतकऱ्याला इस्रायलचा मुलकी कायदा लागतो, याला लष्करी. मराठीत लिहिताना निदान एकदा वाचकाला हे सांगितल्याशिवाय ‘वसाहत’ शब्द वापरू नये असे मला वाटते.

सीमाभागातल्या वाचकाच्या मनात येथे एक तुलना डोकावेल. माझ्याही आली. कागदावर ओढलेली रेघ, भाषेचा प्रश्न, पिढ्यान्‌पिढ्या चाललेले दावे. ती तुलना मी जाणूनबुजून खोडून टाकली. १९५६ पासूनची आपली तक्रार मला मान्य आहे, पण मला मतदानाचा हक्क आहे, माझ्या शेजारच्या कन्नड वकिलाला आणि मला एकच कायदा लागतो, आणि माझ्या शेतावर जायला मला कोणाचा परवाना लागत नाही. दुसऱ्याच्या दुःखात आपले दुःख घुसडून ते मोठे करून घेण्याची सवय साहित्यात फार आहे. पॅलेस्टाईनवरच्या आपल्या कवितांत तर ती हमखास दिसते. ऑलिव्हची फांदी, पारवा, रक्त, माती, की झाली कविता. त्यात रामल्ला नसते, कवीच असतो. शेहादे यांचे पुस्तक या सवयीवर उतारा आहे. त्यात झाडाला नाव आहे, ओहोळाला नाव आहे, हुकमाला क्रमांक आहे.

या पुस्तकातला काळ संथ आहे आणि तेच त्याचे बळ. बातमीला स्फोट लागतो. वसाहतीचा स्फोट होत नाही. आधी डोंगरमाथ्यावर दोन-चार फिरती घरे, मग पाण्याची टाकी, विजेचा खांब, रस्ता, कुंपण, आणि दहा वर्षांनी तेथे शाळा सुटल्यावर घरी येणारी मुले. १९९३ साली ऑस्लोचा करार झाला तेव्हा पूर्व जेरुसलेम सोडून पश्चिम तीरावर एक लाखाच्या थोडे वर वसाहतकरी होते. आज ते पाच लाखांहून अधिक आहेत आणि पूर्व जेरुसलेममध्ये दोन लाखांहून अधिक. म्हणजे ही वाढ झाली ती बहुतांशी शांततेच्या कराराच्या छायेत. शेहादे काही काळ वॉशिंग्टनच्या वाटाघाटींत पॅलेस्टिनी शिष्टमंडळाचे कायदेविषयक सल्लागार होते. वसाहतींचा प्रश्न ‘अंतिम तोडग्या’साठी पुढे ढकलणाऱ्या करारावर त्यांचा राग आहे, आणि तो आपल्या बाजूच्या पुढाऱ्यांवरही आहे. १९९५ च्या दुसऱ्या कराराने पश्चिम तीराचे अ, ब, क असे तीन भाग केले. सुमारे साठ टक्के जमीन ‘क’ भागात, म्हणजे पूर्णपणे इस्रायली ताब्यात राहिली. तेथे पॅलेस्टिनी माणसाला घर बांधायला परवाना जवळजवळ मिळत नाही आणि परवान्याशिवाय बांधले तर ते पाडले जाते. दावा हरलेला वकील अपिलात जातो. अपील कोठे करायचे हेच उरले नाही तेव्हा या वकिलाने लेखणी हाती घेतली, असे मी या पुस्तकाकडे पाहतो.

शेवटच्या भटकंतीत ओहोळाच्या काठी शेहादे यांना एक तरुण वसाहतकरी भेटतो. बंदूक बाळगणारा. तो तेथेच लहानाचा मोठा झालेला, डोंगर त्याच्याही आवडीचे. वाद होतो. शेहादे यांना कळते की या मुलाला ही दरी आपलीच वाटते, आणि ते खोटे नाही. शेवटी दोघे एकाच नळीने हुक्का ओढतात. हा प्रसंग काही वाचकांना समेटाचा वाटेल. मला तो पुस्तकातला सर्वांत कठीण प्रसंग वाटला. अन्याय करणारा माणूस राक्षस निघाला असता तर सोपे होते. येथे तो निसर्गप्रेमी तरुण आहे आणि तरीही त्याच्या तेथे असण्यानेच दुसऱ्याचे हिंडणे संपले आहे. दोघांचे प्रेम सारखे असेल. हक्क सारखा नाही. शेहादे हुक्का ओढतात पण दावा मागे घेत नाहीत.

इतके सांगितल्यावर पुस्तकाचे उणे सांगणे माझे कर्तव्य आहे. हा भटका सुशिक्षित शहरी गृहस्थ आहे. डोंगर त्याच्या पोटाशी बांधलेला नाही. संध्याकाळी तो रामल्लाच्या घरी परततो. मेंढपाळ आणि शेतकरी वाटेत भेटतात, अशील म्हणून ऑफिसात येतात. पण पाणी आणायला गेलेली बाई परत येताना काय विचार करते, घर पाडल्यावर पहिली रात्र कोठे काढतात, हे येथे फारसे नाही. नाहीशा होणाऱ्या निसर्गाचा शोक एवढा सुंदर आहे की अधूनमधून माणसे त्याच्या मागे जातात. डोंगर रिकामा होता हे वसाहतकऱ्याचे म्हणणे खोडणाऱ्या पुस्तकात डोंगर कधी कधी रिकामाच दिसावा, हे मला खटकले.

ही उणीव भरून काढणारी कृती पुढे आली ती पुस्तक म्हणून नव्हे, चित्रपट म्हणून. ‘नो अदर लँड’ हा २०२४ चा अनुबोधपट बासेल अद्रा, हमदान बल्लाल हे दोन पॅलेस्टिनी आणि युवाल अब्राहाम, रेचेल सोर हे दोन इस्रायली यांनी मिळून केला. हेब्रॉनच्या दक्षिणेच्या टेकड्यांत मसाफेर यट्टा नावाचा मेंढपाळांच्या वाड्यांचा पुंजका आहे. १९८० च्या दशकात तो लष्कराच्या गोळीबार-सरावाचे क्षेत्र क्रमांक ९१८ म्हणून जाहीर झाला. दोन दशकांहून अधिक चाललेल्या खटल्यानंतर मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हजाराहून अधिक माणसांना हलवण्यास वाट मोकळी करून दिली. चित्रपटात पाडलेल्या घरातली माणसे गुहेत राहायला जातात. शाळा बांधायची तर दिवसा बायका-मुलांनी आणि रात्री पुरुषांनी. ब्रिटनचे माजी पंतप्रधान टोनी ब्लेअर त्या वाटेने सात मिनिटे चालून जातात आणि त्या वाटेवरच्या बांधकामांचे पाडकामाचे हुकूम रद्द होतात. शेहादे यांच्या चालण्याला जे जमले नाही ते या सात मिनिटांना जमले. कोणाच्या पावलांना वजन आहे, हे यापेक्षा थोडक्यात सांगता येणार नाही.

चित्रपटातले बासेल आणि युवाल मित्र आहेत. बासेल कायदा शिकला आहे, पण त्याला काम नाही. युवालच्या गाडीला पिवळी पाटी आहे, ती सगळीकडे जाते. बासेलची पांढरी-हिरवी, ती पश्चिम तीराबाहेर जात नाही. रोज संध्याकाळी एक मित्र घरी जाऊ शकतो, दुसरा नाही. या मैत्रीचे कौतुक करून आपण मोकळे होऊ नये म्हणून दिग्दर्शकांनी ही पाटी पुन्हा पुन्हा दाखवली आहे. मार्च २०२५ मध्ये चित्रपटाला ऑस्कर मिळाले. त्याच महिन्यात हमदान बल्लाल यांना त्यांच्या गावी वसाहतकऱ्यांनी मारहाण केली आणि लष्कराने धरून नेले. जुलैमध्ये चित्रपटाला मदत करणारा, उम्म अल-खैर गावचा शिक्षक अवदा हथालीन गोळी लागून मारला गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासने सुमारे बाराशे माणसे मारल्यानंतर गाझात जे युद्ध पेटले त्याकडे जगाचे डोळे होते. त्या आडोशाला पश्चिम तीरावरच्या मेंढपाळांच्या कित्येक वाड्या ओस पडल्या.

मग साहित्याने काय होते, असे एका तरुण वकीलमित्राने मला विचारले. इस्रायली कादंबरीकार डेव्हिड ग्रॉसमन यांनी १९८७ सालीच ‘द यलो विंड’ या पुस्तकात पश्चिम तीरावरच्या छावण्यांची आणि ओफ्रा या वसाहतीचीही हकीकत लिहून आपल्या देशबांधवांना सावध केले होते. त्याच डिसेंबरात पहिला इंतिफादा पेटला. पुस्तक गाजले आणि वसाहती वाढल्या. तेव्हा पुस्तकाने जमीन परत मिळते असे मी त्या मित्राला सांगू शकलो नाही. पण एक गोष्ट सांगितली. अल्बिनाच्या दाव्यात अधिकृत दप्तरात एवढेच राहिले की सद्भावनेने व्यवहार झाला. शेहादे यांनी लिहिले नसते तर तेच एक दप्तर उरले असते. आता दुसरेही आहे, आणि ज्याला निवाडा करायचा असेल त्याला दोन्ही वाचावी लागतील.

या पुस्तकाचे मराठी भाषांतर कोणीतरी मनावर घ्यावे. घेणाऱ्याने कृपा करून ‘सरहा’ शब्द तसाच ठेवावा. आणि वाचणाऱ्याने शेजारी पश्चिम तीराचा नकाशा उघडून बसावे, एक जुना आणि एक नवा. मी तसे बसलो होतो. जुन्या नकाशावर एक वाट बोटाने धरून निघालो की नव्या नकाशावर माझे बोट थोड्याच वेळात कुठल्यातरी कुंपणाशी थांबत होते.